नापास आजी आणि सतरा आकडी संख्या

दिवाळीआधी गाद्या उन्हात टाकायचं काम आमच्या घरी माझ्याकडे. सूनबाई नोकरीला जाते, तिला रविवारशिवाय उसंत नसते. गेल्या दिवाळीच्या आधी अशीच नातीची गादी उचलली, तर खाली चार घड्या घातलेला एक कागद. सातवीच्या घटक चाचणीचा गणिताचा पेपर. वीसपैकी चार. खाली 'पालकांची सही' लिहिलेलं आणि त्यापुढची रेघ कोरी.

मी कागद होता तसा परत ठेवला. ओरडायला जीभच वळेना. का, तर माझ्या लोखंडी ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत, असाच एक कागद आहे. १९८१ सालचा, दहावीचा. बाकी सगळे विषय सुटले, गणितात नापास. लग्न ठरताना कुणी विचारलं की आमच्याकडची माणसं सांगायची, "दहावी झालीय." ते खोटं नव्हतं. झाली होतीच की, पास झाली असं कुठे कोण म्हणालं! पण सासरी आल्यावर इतक्या वर्षांत मी ते कधी उलगडून सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला तर नाहीच. आमच्या बचत गटात तीनदा मला खजिनदार व्हा म्हणाल्या, तिन्ही वेळा मी चष्म्याचं निमित्त काढलं. खरं कारण ट्रंकेत होतं.

तर मैत्रिणींनो, ही पार्श्वभूमी. आता त्या संख्येची गोष्ट.

शाळेने सुट्टीचा अभ्यास दिला होता. त्यात एका चौकटीत 'गंमत करून पाहा' म्हणून एक गुणाकार होता. एकावर एक असे नऊ वेळा एक, म्हणजे १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणायचं. नातीने दुकानातला बारा आकडी कॅल्क्युलेटर घेतला. त्याच्यावर कोपऱ्यात इंग्रजी 'ई' उमटला आणि ते यंत्र रुसून बसलं. इतकं मोठं उत्तर त्याच्या पाटीवर मावतच नाही. मग माझ्या मुलाने कॉम्प्युटरवरच्या हिशेबाच्या तक्त्यात आकडे घातले आणि उत्तर वाचून दाखवलं: १२३४५६७८९८७६५४३००. नात वहीत उतरवून घ्यायला लागली.

मी चकलीची भाजणी चाळत होते. ऐकलं आणि तोंडून निघून गेलं, "शेवटी शून्य कसं येईल रे? एके एक, एक. गुणाकाराच्या शेवटी एकच यायला हवा."

मुलगा हसला. "आई, कॉम्प्युटर चुकत नाही."

मी गप्प बसले. गप्प बसायची सवयच आहे मला या विषयात. पण नात माझ्याकडे बघत राहिली. मग तिने वहीच्या कोपऱ्यात ११ गुणिले ११ केलं, आलं १२१. शेवटी एक. १११ गुणिले १११ केलं, आलं १२३२१. पुन्हा शेवटी एक. "बाबा, आजी बरोबर सांगतेय," ती म्हणाली. घरात गणितावरून माझी बाजू कुणी घेतली, अशी ती पहिलीच वेळ.

नंतर कळलं ते असं. तसल्या तक्त्यात एका संख्येचे पंधरा आकडेच खरे राहतात. त्यापुढच्या जागी तो सरळ शून्यं भरतो, आणि तसं सांगतही नाही. आपलं उत्तर सतरा आकडी. म्हणजे शेवटच्या दोन जागा त्याने परस्पर पुसून टाकल्या होत्या. आता बोला!

मग खरं उत्तर काढायचं कसं? हाताने. आमच्या वेळी शिकवायचे तसं, दुसऱ्या ओळीला एक फुली, तिसऱ्या ओळीला दोन फुल्या. एकाने गुणायचं, म्हणजे पाढ्यांची कटकट नाही. तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. नातीने चौकटीच्या वहीचं पान आडवं धरलं आणि नऊ ओळी लिहिल्या. नऊ ओळींत नऊ-नऊ एक. आता बेरीज करायची ती उभ्या खांबांची. उजवीकडच्या पहिल्या खांबात एकच एक. त्याच्या शेजारच्या खांबात दोन. मग तीन, चार, पाच, असे वाढत वाढत मधल्या खांबात नऊ. तिथून पुढे पुन्हा आठ, सात, सहा, करत डावीकडच्या टोकाला एक.

मी ते पान बघत उभी राहिले. एक, दोन, तीन, नऊपर्यंत आणि परत एकपर्यंत. हे मी आयुष्यभर अंगणात काढत आलेय!

आपल्यापैकी जिने ठिपक्यांची रांगोळी काढलीय तिला वेगळं सांगायला नको. वर एक ठिपका, त्याखाली दोन, त्याखाली तीन, प्रत्येक ओळ अर्ध्या ठिपक्याने सरकलेली, मध्ये नऊ, आणि मग उतरत एक. शंकरपाळ्याच्या आकाराची ती मांडणी. माझ्या सासूबाई वर्तमानपत्राच्या कागदाला उदबत्तीने भोकं पाडून ठिपक्यांचा कागद करायच्या, तो अजून माझ्याकडे आहे, जुनाट पिवळा पडलेला. मी तो काढून आणला आणि वहीशेजारी ठेवला. वहीतले खांब मधोमध सारून घेतले आणि पान उभं केलं, की वहीतली आणि कागदावरची मांडणी एकच.

"किती ठिपके लागतात आजी?" नातीने विचारलं. मला तोंडपाठ, एक्क्याऐंशी. (हल्लीच्या पुस्तकांच्या पद्धतीने ऐंशी एक म्हणायचं का, ते नातीला विचारा. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकावरून केवढा वाद झाला होता आठवतो ना?) पण एक्क्याऐंशीच का, हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. नातीने शंकरपाळं कलतं करून बघितलं. कललं की ते झालं साधा चौकोन, नऊ ओळी, ओळीत नऊ ठिपके. नवं नव्वे एक्क्याऐंशी. आणि वहीतसुद्धा नऊ ओळींत नऊ-नऊ एक लिहिलेले, ते एक्क्याऐंशीच.

तर उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तेच. सगळ्या आकड्यांची बेरीज केली तर तीही एक्क्याऐंशी, म्हणजे जितके ठिपके तितकीच.

मग मी आमच्या काळचा नवाचा ताळा केला. हल्लीच्या मुलांना ताळा माहीत नसतो, म्हणून सांगते. संख्येतले आकडे मिळवत जायचे, एक आकडा उरेपर्यंत. नऊ वेळा एक, बेरीज नऊ. तिला नवाने गुणलं, एक्क्याऐंशी, त्याची बेरीज आठ अधिक एक, नऊ. म्हणजे उत्तराच्या आकड्यांचीही बेरीज शेवटी नऊच यायला हवी. आमच्या उत्तराची एक्क्याऐंशी, म्हणजे नऊ. जमलं. कॉम्प्युटरच्या उत्तराची बेरीज केली. शेवटचे दोन आणि एक पुसले गेलेले, म्हणून अठ्ठ्याहत्तर. सात अधिक आठ पंधरा, एक अधिक पाच सहा. ताळा चुकला! मुलगा खुर्चीतून उठून वही बघायला आला. ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असं नसतं हं, आकड्यांची अदलाबदल झाली तर ताळ्याला कळत नाही. पण ताळा जुळला नाही, तर उत्तर चूक, यात शंका नाही.

शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. फराळाचं ताट द्यायला गेले तेव्हा नात वही घेऊन मागे आलीच. गुरुजींनी संख्या बघितली आणि चष्मा कपाळावर सारला. "वहिनी, ही डेमलो संख्या. आणि हिचं नाव ठेवणारा माणूस आपल्या नाशिकचाच म्हणा ना."

आम्ही सिन्नरचे. देवळाली आमच्यापासून काही लांब नाही. त्या देवळालीत १९३० पासून १९६२ पर्यंत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. कॉलेजात असतानाच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. बी.एस्सी. झाले, पुढचं मोठं शिक्षण काही नाही. शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळायचं. मुंबईपासून तीस मैलांवर जी.आय.पी. रेल्वेचं डेमलो नावाचं स्टेशन होतं. तिथे त्यांना या संख्या सुचल्या, म्हणून त्या डेमलो. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली, असं सांगतात. लोकलच्या गर्दीत ज्या जागी आपल्याला पिशवी सांभाळण्याशिवाय काही सुचत नाही, तिथे या माणसाला आकडे सुचले! आपल्या या एक-दोन-तीन करत चढणाऱ्या आणि तशाच उतरणाऱ्या संख्यांना त्यांनी 'अद्भुत डेमलो' म्हटलं आणि १९३८ साली त्यांच्यावर लिहिलं.

मोठमोठ्या गणितज्ञांनी मात्र त्यांना हसण्यावारी नेलं. हे कसलं गणित, हा तर पोरखेळ, असं. कापरेकर स्वतःच पुस्तिका छापत राहिले. ६१७४ हा आकडा त्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो, त्याची गोष्ट वेगळी आणि मोठी आहे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला हे नाव ठाऊक झालं. कापरेकर वारले १९८६ साली. म्हणजे मी १९८१ साली गणितात नापास होऊन घरात तोंड लपवून बसले होते, तेव्हा आकड्यांशी खेळणारा हा माणूस हयात होता. गुरुजींच्या ओटीवर बसून मला ते फार लागलं. का, ते नीट सांगता येत नाही.

गुरुजींनी आणखी एक सांगितलं. आपल्या आकड्यांच्या बेरजेने ज्या संख्येला पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी नाव दिलं हर्षद. हर्ष देणारी. आपली संख्या हर्षदही आहे. तिला एक्क्याऐंशीने भागलं की बाकी उरत नाही, भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. आणि हा भागाकार कसला, तर १२३४५६७९ चा वर्ग. नीट बघा, यात आठ नाही. सातानंतर एकदम नऊ. हा आठ गेला कुठे?

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं, ते गुरुजींनी नाही, नातीनेच काढलं.

तिच्या डोक्यात आलं, नऊ एकांचं एवढं छान होतं तर दहा एकांचं करू. मी म्हटलं, कर. रांगोळीत काय, दहा ते एकही काढतोच की आपण. अंगणात गेरू लावलेला होता, तिने तिथे खडूनेच मांडलं. आणि मधल्या खांबात दहा आले. दहा काही एका घरात बसत नाहीत. शून्य ठेवायचं आणि हातचा एक. तो हातचा शेजारच्या नवात गेला, तेही दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो पुढच्या आठात गेला, आठाचे नऊ झाले, आणि तिथे हातचा संपला. सात, सहा, पाच पुढे जसेच्या तसे. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावी बाजू आणि उजवी बाजू आता जुळत नाहीत. आणि डावीकडे आठ नाही!

"आजी, आठ पळाला नाही काही. त्याला हातचा मिळाला, म्हणून तो नऊ झाला."

ही पोरगी वीसपैकी चार गुण घेऊन आली होती. हातचा म्हणजे काय हे तिने अंगणात उभं राहून मला सांगितलं. मला शाळेत हातचा शिकवला होता तो 'डोक्यावर लिही' एवढाच. का लिहायचा, कुठून आला, कुठे गेला, हे विचारलं तर छडी. मुलींना कुठे गणित लागतं, पोळ्या मोजता आल्या म्हणजे झालं, असंही वर ऐकवायचे. वर्ग हसायचा, आम्हीही हसायचो.

आणखी एक सांगायला हवं. १२३४५६७९ ला नवाने गुणा, नऊ एक येतात. हे कॅल्क्युलेटरवर मावतं, तेव्हा करून बघाच. सातावर प्रेम असेल तर सात नवे त्रेसष्ठ, त्रेसष्ठने गुणा, नऊ वेळा सात येतात. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला मी ही गंमत केली. प्रत्येकीला आवडता आकडा विचारायचा आणि त्याची नऊपट करून गुणायला लावायचं. तिळगूळ बाजूला राहिला आणि बायका मोबाइल काढून बसल्या. एकीने विचारलं, "पण हे होतं कसं?" मी म्हटलं, नऊ एक आधी तयार आहेत, मग त्यांना सातने गुणलं तर नऊ सात येणारच. त्यात जादू काही नाही. तरी ती तीन वेळा करून बघत होती.

संख्या वाचायची कशी, हाही एक प्रश्न होता. कोटीच्या पुढे आपली गाडी अडते. गुरुजींनी नातीला जुन्या स्थानांची नावं लिहून दिली. कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अशी अठरा स्थानं भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहेत. ग्रंथ ११५० सालचा, आणि लीलावती ही त्यांची मुलगी असं सांगतात. त्यात पोरीला उद्देशून गणितं घातलेली आहेत, छडी न उगारता. तर आपल्या संख्येचा पहिला एक बसतो 'मध्य' या स्थानावर. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म... नात झोपताना हे शुभंकरोतीच्या चालीवर म्हणायला लागली. सूनबाई मला विचारते, "आई, हिला झालंय काय?"

पाडव्याच्या पहाटे नातीने आणि मी अंगणात एक ते नऊ ते एक काढली. ओळीच्या शेजारी प्रत्येक ओळीतल्या ठिपक्यांची संख्या तिने पांढऱ्या रांगोळीने लिहिली, वरपासून खालपर्यंत. येणारे-जाणारे थांबून वाचत होते. कुणीतरी म्हणालं, "हा कुणाचा फोन नंबर?"

त्याच दुपारी तिने तो गादीखालचा कागद आणून माझ्यापुढे धरला. "आजी, तू सही करशील? बाबांना नको दाखवू."

मी म्हटलं थांब. ट्रंक उघडली, शालू बाहेर काढला आणि माझा कागद तिच्या हातात दिला. तिने आधी गणिताचा रकाना वाचला, मग माझ्याकडे बघितलं. "तू नापास?" तिला हसू आवरेना. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "पण कॉम्प्युटर चुकला ते तर तूच ओळखलंस."

सही मी केली नाही. दोन्ही कागद घेऊन आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो. मुलगा आणि सूनबाई चहा घेत होते. आधी माझा कागद टेबलावर ठेवला, मग तिचा. मुलाने माझा कागद बराच वेळ वाचला. शेवटी एवढंच म्हणाला, "चव्वेचाळीस वर्षं सांभाळून ठेवलास?" आणि मुलीच्या पेपरवर सही केली.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत खजिनदाराचा विषय निघाला, तेव्हा मी चष्म्याचं निमित्त काढलं नाही. वही आता माझ्याकडे आहे. परवाच सतराशे रुपयांचे एकाहत्तरशे लिहिले गेले होते आणि बेरजेत पाच हजार चारशे जास्त दिसत होते. एकीने दुसरीकडे बघितलं, दुसरीने माझ्याकडे. मी म्हटलं, पाच अधिक चार नऊ, फरकाला नवाने भाग जातोय, बहुतेक कुणाचे तरी आकडे उलटे पडलेत, शोधा. आठव्या पानावर सापडले.

नातीला दुसऱ्या चाचणीत वीसपैकी अकरा मिळाले. फार नाहीत. पण पेपर या वेळी गादीखाली नव्हता, फ्रिजवर होता, चुंबकाने लावलेला. आता ती अकरा एकांचं करू म्हणतेय. मी तिला सांगितलंय, हातचे सांभाळ. हातचे कसे पुढे सरकत जातात ते मलाही अजून नीट लागलेलं नाही, रविवारी अंगणात बसून बघणार आहोत.